नसलेल्या दुकानाचे फोन

“बाहुलीचा हात निघालाय हो. बसवून मिळेल का?”

फोनवरच्या बाई काकुळतीला आल्या होत्या, पण पत्तेवाल्यांचे लक्ष हाताकडे नव्हते. “ते बघू. आधी सांगा, हा नंबर तुम्हाला कुठे मिळाला?”

बाईंनी ज्या ऑनलाइन डिरेक्टरीचे नाव घेतले, ती पत्तेवाल्यांच्या धाकट्या साडूंची होती.

“सापडला!” पत्तेवाले खुर्चीतून उठलेच. “चोर सापडला!”

“अहो, चोर नाही, बाहुली,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी घाबरून फोन ठेवला.

बाहुल्या दुरुस्त करणारे दुकान शहरात नव्हतेच. ‘बाहुली दवाखाना’ पत्तेवाल्यांच्या डोक्यातून निघाला होता. शहरातल्या झाडून सगळ्या दुकानांची आणि कारागिरांची डिरेक्टरी त्यांनी इंटरनेटवर उभी केली होती, तीही दारोदार फिरून, चपला झिजवून. पत्तेवाले हे नाव त्यांना त्यातूनच पडले. आणि कालपर्यंत पंखे विकणारे साडू एके दिवशी सासुरवाडीत जेवता जेवता म्हणाले, “दादा, मीही तुमच्यासारखंच काहीतरी काढतोय.” पत्तेवाल्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. एवढे पत्ते हा माणूस आणणार कुठून? आपल्याकडूनच उचलणार! त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या डिरेक्टरीत एक खोटे दुकान पेरून ठेवले आणि त्याला आपल्या जुन्या मोबाइलचा नंबर दिला. साडूंनी ते उचलले की पकडलेच. एवढे एकच खोटे त्यांनी आयुष्यात लिहिले. लिहिताना लाजही वाटली, पण मत्सर लाजेपेक्षा दांडगा निघाला.

आता पुरावा हातात होता. शहरातल्या प्रत्येक दुकानाच्या दारावर कोणाच्या डिरेक्टरीचे स्टिकर लावायचे, हे व्यापारी मंडळ येत्या रविवारी ठरवणार होते. ज्याचे लागेल तो तरणार, दुसऱ्याने गाशा गुंडाळायचा. भर सभेत साडूंचे पितळ उघडे पाडायचे, या विचारानेच पत्तेवाल्यांना हलके वाटू लागले. धाकट्या जावयाचे कौतुक करताना सासूबाईंची जीभ थकत नसे, तेव्हा त्यांनाही सभेला बोलवावे, असेसुद्धा एकदा मनात येऊन गेले.

मग आणखी फोन आले. कुणाच्या बाहुलीचे डोळे मिटत नव्हते, कुणाच्या अस्वलाचा कान कुत्र्याने फाडला होता. एक निवृत्त मास्तर तर बायकोच्या लहानपणीची बाहुली पिशवीत घालून दिलेल्या पत्त्यावर जाऊन आले होते. तिथे भिंत बघून त्यांनी पत्तेवाल्यांना फोनवरच फैलावर घेतले. पत्तेवाले प्रत्येकाला तोच प्रश्न विचारत आणि प्रत्येक जण साडूंच्याच डिरेक्टरीचे नाव घेई. पहिल्यांदा त्यांना गुदगुल्या झाल्या. पुढे पुढे मात्र फोन वाजला की पोटात दुखू लागे. काय म्हणून लोक सगळे तिकडेच जातात?

एका सकाळी ते आंघोळ करून बाहेर आले, तर स्वयंपाकघरात एक नळवाला पाना घेऊन बसलेला.

“तुम्हाला कुणी पाठवलं?”

“ताईंनीच बोलावलं की,” असे म्हणून नळवाल्याने साडूंच्या डिरेक्टरीचे नाव घेतले.

पत्तेवाल्यांनी बायकोकडे पाहिले. “आपली घरची डिरेक्टरी असताना?”

“आधी तुमच्यातच बघितलं ना,” बायको म्हणाली. “नळ लिहिलं तर काही येईना. मग म्हणे आधी गृहसेवा, मग जलव्यवस्था, मग अनुक्रमानं ही एवढी नावं. तोवर इथे तळं झालं. धाकटीच्या मिस्टरांच्यात नुसतं ‘नळ गळतोय’ लिहिलं, तर आत्ता येऊ शकतील असे जवळचेच तिघं आले. खाली फोनचं बटण.”

“वर्गवारी शुद्ध नको का?”

“अहो, माणसाला काय बिघडलंय तेवढंच ठाऊक असतं. ते तुम्ही कुठल्या खणात ठेवलंय, ते तुम्हाला ठाऊक.”

नळवाला मान खाली घालून पाना फिरवत राहिला. पत्तेवाले त्या दिवशी नीट जेवले नाहीत. राग बायकोचा नव्हता. एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये आणि पंखेवाल्याला सुचावी, याचा होता.

रविवारी सभेत त्यांनी सगळे पडद्यावर दाखवले. आपण पेरलेले खोटे दुकान आणि साडूंच्या डिरेक्टरीतले तेच दुकान, त्याच नंबरासकट. कुजबुज सुरू झाली. साडू उभे राहिले. चेहरा पार उतरला होता.

“खरं आहे. उचलले मी पत्ते. दादांचा पत्ता चुकत नाही, हे सगळ्यांना माहितीये. लोकांना पटकन सापडेल असं मांडायला मला जमतं, पण दारोदार फिरायचा दम माझ्यात नव्हता.”

“वाईट केलंत,” मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. ते लोखंडी सामानाचे व्यापारी, बोलणेही वजनदार. मग ते पत्तेवाल्यांकडे वळले. “पण तुम्हाला हे कळलं कसं?”

“त्या दुकानासाठी फोन आले.”

“बरेच?”

“रोज येतात.”

“यांचीच डिरेक्टरी बघून?”

“हो.”

“आणि हे यांनी उचलायच्या आधी, नुसतं तुमच्याकडे होतं तेव्हा?”

आपण कुठे येऊन पोहोचलो, हे पत्तेवाल्यांना तेव्हा कळले. खोटे बोलता आले असते, तपासायला कोण जाणार होते? साडू खाली बघत होते. पहिल्या रांगेत मेहुणी डोळे पुसत होती. चार-दोन आले होते, असे म्हणावे, हे अगदी ओठांवर आले.

“एकही नाही,” ते म्हणाले.

सभेत कुणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते, असे त्यांना वाटले.

मंडळाने साडूंना सगळ्यांसमोर माफी मागायला लावली आणि स्टिकरही त्यांचेच घेतले. पत्ते मात्र पत्तेवाल्यांनी तपासायचे आणि फिरता फिरता स्टिकरही लावत जायचे, असे ठरले. “दादा, नाव दोघांचं लावू,” साडू जिन्यात म्हणाले. “नको,” पत्तेवाले म्हणाले. हरणे एक वेळ सोसवले असते, साडूंची दया सोसवणारी नव्हती.

स्टिकरांचा गठ्ठा घेऊन ते बाजारात निघाले. पहिले दुकान न्हाव्याचे.

“हे तर तुमच्या साडूंचं ना?” न्हाव्याने वस्तरा थांबवून विचारले. “मग तुम्ही कशाला लावताय?”

“पत्ता तपासायला आलोच होतो,” पत्तेवाले म्हणाले आणि त्यांनी दाराच्या काचेवर स्टिकर चिकटवले, मुद्दाम जरा वाकडे. मनाला थोडे गार वाटले.

चार दुकाने पुढे जाऊन ते थांबले आणि परत फिरले. न्हावी आणि अर्धी दाढी झालेले गिऱ्हाईक दोघेही बघत राहिले. पत्तेवाल्यांनी नखाने ते स्टिकर हलकेच सोडवले, काच सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि ते सरळ लावले. मग आत हवा राहू नये म्हणून कडांवरून सावकाश अंगठा फिरवला.