आधी वय सांगा

"पुन्हा बदकंच!" दारात चप्पल काढता काढता रोसेंदो पुटपुटला, माझ्या कानापासून हातभर अंतरावर. "सासूबाई, पोरगं पाच मिनिटांत बदकं मोजून मोकळं होतं आणि वर मलाच हसतं."

माझ्या मुलीशी, यामिल्काशी, त्याचा घटस्फोट होऊन पाच वर्षं झाली. तरी अडलं की मी सासूबाई.

आमच्या सांता क्लारात दर सोमवारी सिनेमे, मालिका, गेम भरलेली हार्ड डिस्क घरोघर फिरते. तिच्यातून लहान मुलांचे गेम निवडायचं काम गल्लीने माझ्यावर टाकलंय. प्रत्येक गेम मी आधी स्वतः शेवटापर्यंत खेळते. रक्त दिसलं, शिवी ऐकू आली की बाद. आणि नियम एकच: आधी वय सांगा, मग पेनड्राइव्ह पुढे करा.

दुसऱ्या बायकोपासून झालेल्या मुलाचं वय रोसेंदोने चार सांगितलं. पहिल्या सोमवारी मी बदकं मोजायचा गेम दिला. दुसऱ्या सोमवारी आणखी बदकं, पिवळी.

त्या पोराला आइस्क्रीमच्या रांगेत सगळ्या गल्लीने पाहिलं होतं. पुढचे दुधाचे दात पडून नवे अर्धे वर आलेले. कुणी चकार शब्द काढला नाही. कारण रोसेंदोची आई ओर्तेन्सिया पाच वर्षं सांगत फिरत होती, की यामिल्काच्या संशयी डोक्याने संसार मोडला, आणि गल्लीने ते मान्य करून टाकलं होतं. माझी लेक पावाच्या रांगेतही उभी राहायची बंद झाली होती.

आज ओर्तेन्सियालाही मी दहाचीच वेळ दिली होती. तिची मालिका उतरत होती. ती माझी कॉफी पीत बसली होती.

"चार वर्षांच्या पोराला हेच झेपतं, जावईबापू."

"हुशार आहे हो तो. वाचतो."

"ऐकलंत विहीणबाई? नातू चौथ्या वर्षी वाचतो. बापावर गेलेला दिसत नाही."

ओर्तेन्सियाने कपात तोंड घातलं.

मी पडद्यावर जहाज बांधायचा गेम उघडला. शिडं फुगली. "हा बघ. हा लावला की माझी नात, तुझीच लेक लिआनेत, जागची हलत नाही. पण तिला सात पूर्ण व्हायला तीनच महिने राहिलेत. चाराच्या पोराला कसा देऊ?"

खरं तर जहाज मी सकाळीच त्याच्यासाठी उतरवून ठेवलं होतं. पोराचा काय दोष!

"शनिवारी वाढदिवस आहे त्याचा," रोसेंदो हळूच म्हणाला. "जहाज कबूल केलंय मी."

"कितवा?"

"दे ना गं बाई," ओर्तेन्सिया म्हणाली. "लहान लेकरू आहे."

"देते की. कितवा?"

आत केळी सोलणारी सुरी थांबली. यामिल्का ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. रोसेंदोने तिच्याकडे पाहिलं नाही, जहाजाकडे पाहिलं.

"सातवा," तो पुटपुटला.

"मोठ्याने. विहीणबाईंना कमी ऐकू येतं."

"सातवा!" तो ओरडला. "लिआनेतच्याही आधीचा आहे तो!"