एक पांढरं बटण

टेलरकाकूंच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्याच्या झाकणाला बटण जाईल एवढी फट पाडलेली होती. वॉर्डातल्या पक्षशाखेला उमेदवार ठरवायचा असला की तो डबा निघायचा. इच्छुक दोन असले की काकू प्रत्येक सभासदाच्या हातात दोन बटणं ठेवत, एक पांढरं, एक काळं. पडद्याआड जायचं, हवं ते डब्यात टाकायचं आणि उरलेलं शेजारच्या कापडी पिशवीत. कुणी काय टाकलं ते देवाला ठाऊक, आणि देव शाखेचा सभासद नाही, असं काकूंचे यजमान म्हणायचे.

यजमान छापखान्यात खिळे जुळवायचे. एका वर्षी ते स्वतःच उभे राहिले, समोर निवृत्त पोस्टमन. बावीस-एकवीस झाले आणि यजमान एका बटणाने पडले. ते बटण काकूंचं होतं. पोस्टमनला वॉर्डातलं घरन् घर माहीत होतं. यजमानांना नुसतं बोलता यायचं. त्या संध्याकाळी यजमानांनी चहा संपवला, कप विसळला आणि म्हणाले, "चला, आता पोस्टमनची पत्रकं छापायला हवीत." पुढे महिनाभर ते त्या माणसासाठी दारोदार फिरले. काकूंनी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही, त्यांनीही कधी विचारलं नाही. पक्ष म्हणजे काय ते काकूंना त्या महिन्यात कळलं होतं.

गेली बारा वर्षं डबा कपाटातच होता. नावं वरून यायची, शाखेने टाळ्या वाजवायच्या.

यंदा शाखेचे अध्यक्ष स्वतः दुकानात आले. लहानपणी हा यजमानांच्या हाताखाली पोस्टरं चिकटवायचा म्हणून सगळे त्याला चिकट्या म्हणत. खुर्चीला चिकटल्यापासून कुणी म्हणत नाही. शाखेत निवड झाल्याचा कागद आणि फोटो वर पाठवायचाय, तेव्हा हात वर करून उरकू, निवडणूक प्रमुख म्हणून काकूंनी सही करावी, असं त्याचं म्हणणं. नावं दोन. एक ठेकेदार, पंधरवड्यापूर्वी समोरच्या पक्षात होता. दुसरी नगरपालिकेच्या दवाखान्यातली नर्सबाई, वीस वर्षं शाखेचं काम करणारी.

"बटणं टाकणार असाल तर सही करते," काकू म्हणाल्या. "नाहीतर दुसरी टेलरीण बघ."

अध्यक्ष हसला आणि लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच का म्हणाला, हा विचार काकूंच्या मनात आला नाही. त्यांना हुरूप आला होता. माप द्यायला येणारा जो तो आवाज उतरवून सांगून जात होता की काकू, यंदा नर्सबाईच. नर्सबाईंचं पांढरं ठरलं, ठेकेदाराचं काळं. काकूंनी बटणं साबणाच्या पाण्यात धुतली, एकेक पुसली.

रविवारी सकाळी शाखेच्या माडीवर काकूंसकट सदतीस माणसं जमली. शिस्तीत एकेक पडद्याआड जाऊन आलं. काकूंनी सगळ्यांसमोर डबा टेबलावर पालथा केला.

टेबल काळंभोर झालं. मधोमध एक पांढरं.

काकूंनी दोनदा मोजलं. छत्तीस आणि एक. लबाडी कुठेच नव्हती; लबाडीची गरजच पडली नव्हती. पांढरं त्यांचं स्वतःचं होतं, म्हणजे नर्सबाईंनीही काळंच टाकलं होतं.

पण खोलीला ते कुठे माहीत? सगळे नर्सबाईंकडे बघत होते. अध्यक्षही बघत होता, जरा जास्तच वेळ. नर्सबाईंची नेमणूक वर्षावर्षाची, आणि ती वाढवून देणाऱ्या समितीवर हाच. "स्वतःचं एक मत तर माणूस स्वतःला देणारच," तो सावकाश म्हणाला. "लक्षात राहील."

आपलं बटण कुठलं ते नवऱ्यालाही न सांगणाऱ्या काकू चारचौघांत बोलल्या.

"ते पांढरं माझं आहे."

मग एकेकाच्या डोक्यात हिशेब उतरला आणि नजरा पुन्हा नर्सबाईंकडे वळल्या, या वेळी वेगळ्या. कुणीतरी खुदकन हसलं. नर्सबाई पायातल्या चपलेकडे बघत राहिल्या.

"काकूंचा मान आहे तेवढा," अध्यक्ष मोकळं हसत म्हणाला. "कागदावर मात्र एकमताने लिहू." ठेकेदाराची पत्रकं आधीच छापून आली होती. अध्यक्षाने त्यांचा एक गठ्ठा नर्सबाईंच्या हातात दिला. हरलेल्याने जिंकलेल्यासाठी फिरायचं, ही काकूंच्या यजमानांचीच शिकवण, असंही वर सांगितलं. काकूंनी सही केली. मोजणी खरी होती, न करून सांगतात कुणाला?

जिन्यात त्यांनी नर्सबाईंना गाठलं. डबा एका काखेत धरून दुसऱ्या हाताने त्यांच्या गठ्ठ्याला आधार द्यायला गेल्या. नर्सबाईंनी गठ्ठा बाजूला घेतला.

"कशाला बोललात, काकू?" त्या म्हणाल्या. "नोकरी गेली असती तर गेली असती. लोकांना वाटलं तरी असतं, मी एकटी माझ्या बाजूने होते."