जुन्या मापाचा फ्रॉक

साल १९८९. मेंढीची हुबेहूब दुसरी मेंढी केल्याची बातमी पेपरात यायला अजून बरीच वर्षं होती. त्यामुळे आम्ही जे पाहिलं त्याला आमच्याकडे तेव्हा शब्दच नव्हता. भीती मात्र पुरेपूर होती.

"टेप लावायचा नाही तिला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि कागदात गुंडाळलेला पिवळा फ्रॉक त्यांनी टेबलावर ठेवला. "हा समोर धरा आणि अगदी असाच शिवा."

"अहो बाई, पोर इथे उभी, आणि माप जुन्या कपड्याचं?" माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. "नवरी मांडवात आणि हार फोटोला, असं झालं हे."

मी हसले. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

जाऊबाईंच्या शिवणावर आमचं घर चालायचं. पुढच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं पायमशीन, शेजारी कापायचं टेबल, कोपऱ्यात कपडे घालून बघायला पडदा. मी काज-बटणं करायची आणि "तुझ्या काजातून म्हैस जाईल गं" हे रोज ऐकायची. आमच्याकडची पोरं जन्मायची डॉक्टरांच्या दवाखान्यात आणि पहिले कपडे घालायची जाऊबाईंच्या हातचे. डॉक्टरांची पहिली मुलगीही तशीच. तिला सगळे बेबीच म्हणायचे. सातवा वाढदिवस झाला आणि आठवा यायच्या आत ती तापाने गेली. तिला शेवटचे घातलेले कपडेही जाऊबाईंनीच शिवले होते.

दोनेक वर्षांनी डॉक्टरीणबाईंना पुन्हा मुलगी झाली. तिलाही बेबीच म्हणू लागले. दर वाढदिवसाला बाई पहिलीचा जुना फ्रॉक आणायच्या, तसाच नवा शिवून घ्यायच्या, आणि तो हिला दर वेळी नेमका बसायचा. इतका नेमका, की मला ते आवडेनासं झालं. तोच चेहरा, हसताना एक डोळा मिटायची तीच लकब.

"सख्ख्या बहिणी असतात एकीसारख्या एक," मी म्हणायची.

"असतात," जाऊबाई म्हणायच्या आणि मशीन जोरात चालवायच्या.

त्या दिवशी, सातव्या वाढदिवसाचा फ्रॉक शिवायला आल्या तेव्हा, मात्र बेबीच्या उजव्या भुवईवर पट्टी होती.

पहिली बेबी याच वयात खेळता खेळता आमच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली होती. जाऊबाईंनी चिंधी दाबून रक्त थांबवलं होतं. तिला खूण राहिली ती उजव्या भुवईवर. आज पट्टी होती ती बरोबर तिथेच.

"पडली का गं कुठे?" मी विचारलं.

"मी नाही पडले," बेबी म्हणाली. "बाबांनी झोपवलं होतं मला."

जाऊबाईंच्या हातातला खडू खाली पडला. त्या डॉक्टरीणबाईंकडे बघत राहिल्या. बाई पट्टीकडे बघत नव्हत्या. खिडकीकडे, मशीनकडे, माझ्याकडे, सगळीकडे बघत होत्या, तेवढं सोडून.

"बाई, काय चाललंय हे? या पोरीला तिच्या बहिणीची खूण कशाला?"

"बहीण नाही ती तिची." बाईंचा आवाज इतका हलका होता, की मला पुढे झुकावं लागलं. "तीच आहे. ती गेली त्या दिवशी यांनी तिच्या कातडीचा तुकडा काढून ठेवला होता. दवाखान्याच्या मागच्या खोलीत कितीतरी दिवस त्याच्यावर काम केलं. मग माझ्या पोटात वाढवली. मला फक्त माझी पोर परत हवी होती हो. यांना ती तंतोतंत हवी आहे."

एवढं बोलून त्या बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या.

पोर पडद्याशी उभी राहून एका हाताने कान खाजवत होती. कुठल्याही पोरीसारखी पोर.

जाऊबाईंनी तिला पडद्याआड घेतलं आणि जुना फ्रॉक अंगात घातला. तो तिला आखूड झाला. चांगला चार बोटं. खांद्यातही आवळत होता.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच फ्रॉक बसला नव्हता. मला बरं वाटलं. पण बेबीने खाली पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"बाबांना सांगू नका," ती म्हणाली. "मी वाकून उभी राहीन. बघा, असं."

"का गं राणी? वाढतं अंग आहे, वाढायचंच."

"बाबा आईला म्हणाले, ही बरोबर निघाली नाही तर दुसरी करू. मग मला कुठे ठेवतील?" थोडं थांबून ती म्हणाली, "मागच्या खोलीत उंदीर आहेत. जे चुकतात ते बाबा बाटलीत घालतात."

जाऊबाईंनी तिला जवळ ओढलं. मी पडदा पुरता ओढून घेतला, तशा वरच्या कड्या वाजल्या.

मायलेकी गेल्यावर मी म्हटलं, "पोलिसांकडे जाऊ."

"आणि सांगायचं काय? पोर वाढली, ही तक्रार? निम्म्या पोलिसांच्या बायका त्याच्याच दवाखान्यात बाळंत झाल्यात." त्यांनी जुना फ्रॉक उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात धरला. "दार लाव."

पोरींच्या कपड्यात जाऊबाई खाली आणि बाजूंना भरपूर कापड आत दुमडून ठेवायच्या. पोर वाढली की शिवण सोडायची, वर्षभर फ्रॉक पुन्हा चालतो. या फ्रॉकमध्येही त्यांनी तसंच ठेवलं होतं, फक्त ते सोडायची वेळ कधी आली नव्हती. आता त्या पात्याच्या टोकाने एकेक टाका उसवू लागल्या. नवा फ्रॉक बेबीच्या अंगाला येईल असा शिवायचा आणि जुन्याची दुमड सोडून तो त्याच्याएवढा करायचा, असा त्यांचा विचार. पण दुमडीच्या आतलं कापड उन्हापाण्याशिवाय राहिलेलं. बाकी फ्रॉक विटलेला आणि खाली हळदीसारखी पिवळीजर्द पट्टी. आम्ही तो धुतला, उन्हात टाकला, पुन्हा धुतला. पट्टी फिकी झाली, पण गेली नाही.

"जाऊबाई, त्याच्या लक्षात आलं तर?"

"तर माझ्या तोंडात जीभ आहे," त्या म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी दोनदा सुई बोटात टोचून घेतली.

वाढदिवसाच्या सकाळी डॉक्टर स्वतः आले. तसा माणूस मवाळ. आल्या आल्या त्यांनी माझ्या गुडघेदुखीची चौकशी केली. मागे डॉक्टरीणबाई, त्यांच्या हाताला बेबी. पट्टी काढली होती. भुवईवर कोवळी, लालसर रेघ होती.

नवा फ्रॉक बेबीला चपखल बसला. ती ताठ उभी राहिली, श्वास कोंडून.

"छान," डॉक्टर म्हणाले. "आता जुना द्या."

त्यांनी तो टेबलावर पसरला, जाऊबाईंचा टेप उचलला आणि लांबी मोजली. पुन्हा मोजली. मग बेबीच्या पाठीला टेप लावला.

"हा एवढा लांब नव्हता." त्यांनी खालची कड उलटली. पट्टी दिसली, आणि जुन्या टाक्यांची भोकंही. "हे कोणी सोडवलं?"

जाऊबाईंनी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना गप्प झालेलं पाहिलं. बेबी हळूहळू गुडघ्यांत वाकू लागली होती. बुटकी दिसावी म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं.

"मी सोडवलं," त्या म्हणाल्या.

"तू?"

"ती गेली त्याच्या आधी. वाढली होती माझी पोर, फ्रॉक आखूड होत होता, म्हणून घरी बसून मीच सोडवला." बाईंनी फ्रॉक त्यांच्या हातातून काढून घेतला. "तुम्ही त्या मागच्या खोलीत होतात. कधी होतात तुम्ही घरी? तिची उंची किती, तिला आवडायचं काय, झोपेत ती काय बडबडायची, काही ठाऊक होतं तुम्हाला? मोजायला लागलात ते ती मेल्यावर!"

तो फ्रॉक खालची दुमड तशीच शिवलेली असताना आमच्याकडे आला होता, हे बाईंना पक्कं माहीत होतं. आम्हाला माहीत होतं. डॉक्टरांनाही संशय आला असावा, कारण ते बाईंच्या हातातल्या फ्रॉकच्या त्या भोकांकडे बराच वेळ बघत होते. पण उलटून विचारायला त्यांच्याजवळ आठवणच नव्हती. शेवटी त्यांनी टेप गुंडाळून ठेवला. तो नीट गुंडाळला जाईना.

"सरळ उभी राहा गं," बाई बेबीला म्हणाल्या. "चल."

दोघी बाहेर पडल्या आणि दवाखान्याकडे न वळता खाली एसटी स्टँडकडे गेल्या. डॉक्टर दारात उभे होते. ते ओरडले नाहीत, धावले नाहीत. मला वाटतं, त्या परत येतील असंच त्यांनी धरलं होतं.

त्या परत आल्या नाहीत.

डॉक्टर पुढे पुष्कळ वर्षं दवाखाना चालवत होते. त्यांचा सत्कारही झाला. मागच्या खोलीचं काय झालं ते कोणी विचारलं नाही. ते गेले तेव्हा त्यांच्याजवळ फक्त नर्स होती. डॉक्टरीणबाईंनी दूरच्या एका वसतिगृहात मुलींची देखरेख करून बेबीला वाढवलं. हृदयाच्या दुखण्याने त्या साठीच्या आतच वारल्या. माझे दोन्ही मुलगे मार्गी लागले. मी अजून आहे, आणि अजूनही पडद्याच्या कड्या वाजल्या की दचकते. जाऊबाईंची दृष्टी म्हातारपणी पार गेली. मशीन विकू दिलं नाही त्यांनी. नुसत्या त्याच्यापाशी बसायच्या.

बेबी त्यांना भेटायला आली ती एकदाच, तान्ही मुलगी घेऊन. तिशीच्या आतच तिचे केस पांढरे झाले होते, आणि चालताना सांधे दुखत असावेत. नवरा बाहेर रिक्षापाशी थांबला होता. चहा घेतला नाही, इकडचं तिकडचं बोलली नाही. बाळ तिने सरळ जाऊबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"मावशी," ती म्हणाली, "मला खरं सांगा. हिचाही तोच चेहरा आहे का? मला बघवत नाही हिच्याकडे."

जाऊबाईंनी सुरकुतलेली बोटं बाळाच्या कपाळावरून फिरवली. भुवया, नाक, गाल, हनुवटी. सावकाश. पुन्हा एकदा कपाळ.

"कोणासारखीच नाही गं ही," त्या म्हणाल्या.

बेबी मटकन तिथेच जमिनीवर बसली आणि तोंडावर पदर धरून रडली. बाळ झोपलेलंच होतं.