कारण आम्ही सांगत नाही

जयवंतीने मोकळ्या हाताने इडलीचा तुकडा मोडला, चटणीला नुसता टेकवला आणि काचेपलीकडच्या बाकाकडे हनुवटीने खूण केली.

"बघा डॉक्टरबाई, तुमचे किडनीदाते. बांगड्यांचं दुकान भरलंय नुसतं."

डॉ. विद्यालक्ष्मी हसली. चेन्नईत एग्मोरच्या या डायलिसिस युनिटमध्ये तिचं संशोधन चाले. चार तास जागचं हलू न शकणारं माणूस प्रश्न विचारायला बरं सापडतं, हे तिने कधीच ओळखलं होतं. ती तंजावरची. घरात जपलेलं जुनं मराठी जयवंतीवर चालवून बघायला तिला आवडे.

"बायकाच फार देतात, मामी. आमच्या आकड्यांतही तसंच येतें."

"आणि खाटांवर बघा. सगळ्या मिशा. एवढ्यासाठी अभ्यास कशाला? मला विचारायचं."

"मिशांत तुम्हीच एक निराळ्या."

"तर. आणि मला देणारी कोण? माझीच मुलगी."

तिने इडली खाली ठेवली. ऊर्मीच्या सगळ्या तपासण्या पार पडल्या होत्या. आज दुपारी शेवटची पायरी होती. दात्याला एकटं आत बोलावून, दार लावून विचारायचं, मनापासून देतेस ना? ऊर्मी हो म्हणणार. ती कधी नाही म्हणाली होती? भावाची, क्षितिजची बारावी आली तेव्हा घरात शांतता हवी म्हणून तिचं भरतनाट्यम बंद केलं, तेव्हाही घुंगरू तिने स्वतःच कपाटावर टाकले होते. आता तिला स्वतःची दोन वर्षांची पोर होती.

"डॉक्टरबाई, एक काम करा. तिला नापास करा."

"अय्यो, मामी!"

"खोटं काही लिहू नका. बाहेर येऊन म्हणा, दाता म्हणून योग्य नाही. आमचे उपेंद्रराव मान डोलवतील आणि आम्ही घरी जाऊ."

डॉक्टरने आवाज खाली आणला. "तें वाक्य आम्ही देतों. पण पेशंटला नाही. बंद दाराआड दात्यानेच म्हटलं, मला द्यायची नाही, घरी सांगायची छाती नाही, की त्याच्यासाठी. मग बाहेर येऊन तेवढंच सांगतों. दाता म्हणून योग्य नाही, कारण आम्ही सांगत नाही. घरात भांडण नको म्हणून."

जयवंतीचा हात चादरीवरचे कण गोळा करता करता थांबला.

महिन्यापूर्वी याच काचेपलीकडे हेच वाक्य, शेपटासकट, तिने ऐकलं होतं. क्षितिजबद्दल. उपेंद्ररावांनी दोनदा कारण विचारलं होतं आणि डॉक्टरने दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं होतं. त्या दिवसापासून क्षितिज इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातून अर्धी रजा टाकून दर वेळी आईला न्यायला येऊ लागला. येताना मोगऱ्याचा गजरा आणायचा. पोराला माया सुटली, असं तिने शेजारच्या खाटेवरच्या सुब्बा मामांना कौतुकाने सांगितलंही होतं.

विद्यालक्ष्मीच्या ध्यानात आलं, पण जरा उशिरा. "खरंच काही आजार सापडला तरी हेंच म्हणतों हं, मामी. दोन्हीला एकच वाक्य."

"असणारच," जयवंती म्हणाली. "नाहीतर उपयोग काय त्याचा?"

मग बराच वेळ ती नळीतून जाणारं आणि परत येणारं स्वतःचं रक्त बघत राहिली. मशीन काही राखून ठेवत नव्हतं. घाण तेवढी काढून बाकीचं मुकाट परत देत होतं. तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं.

"तुमचा तो घरच्या मशीनचा अभ्यास," ती म्हणाली. "घरी डायलिसिस करणारे बरे राहतात की इथं येणारे. त्याला अजून माणसं हवीत?"

"कधीपासून मागं लागलें आहे तुमच्या! तुम्हीच म्हणत होतां, ट्रान्सप्लांट होणार."

"सुया घरच्याच माणसाने टोचायच्या ना?"

"आम्ही शिकवतों."

"बरं. आणि किडनी घेणाऱ्यालाही विचारतात ना, घेतेस का म्हणून?"

"विचारावंच लागतें."

दुपारी सुया निघाल्या, दंडाला पट्टी बसली. बाहेर बाकावर उपेंद्रराव, त्यांच्या शेजारी पर्स छातीशी धरून ऊर्मी आणि भिंतीला टेकून गजरा घेतलेला क्षितिज. आतून ऊर्मीचं नाव पुकारलं. ती उठली.

"बस," जयवंती म्हणाली.

"आई, मला बोलावलंय."

"ऐकू आलं मला. बस. आधी माझं ऐका. मी किडनी घेणार नाही."

"आता हे काय नवीन?" उपेंद्रराव उभे राहिले. "सगळं जुळलंय! कुणी भरवलं तुझ्या डोक्यात? कारण काय?"

जयवंतीने पदर सारखा केला. बघितलं मात्र फक्त क्षितिजकडे.

"मी घेणारी म्हणून योग्य नाही. कारण आम्ही सांगत नाही."

क्षितिजच्या हातातल्या गजऱ्याच्या पुडीचा दोरा सुटला. त्याने मान वर केली नाही.

"आई, वेड लागलंय का तुला?" ऊर्मीचा आवाज चिरकला. "अशी किती दिवस काढणार आहेस?"

"काढीन तितके. या मशीनवर माणसं वर्षानुवर्षं काढतात आणि मी काय कमी हट्टी आहे? घरी मशीन येणार आहे. डॉक्टरबाईंच्या अभ्यासात नाव घातलंय." तिने दंडावरची पट्टी दाबली. "सुया टोचायला क्षितिज शिकेल."

"मी?" क्षितिज म्हणाला.

"तूच. गजऱ्याने रक्त साफ होत नाही, बाळा."

दारात विद्यालक्ष्मी उभी होती. तिने चौघांकडे पाहिलं. "पहिला धडा हात धुण्याचा," ती क्षितिजला म्हणाली. "बेसिन तिकडे."

त्याने गजरा ऊर्मीच्या हातात दिला आणि तो बेसिनकडे गेला. नळ सुटला. बोटं, बोटांच्या फटी, मनगटं, परत बोटं. त्याचे खांदे हलत होते, पाणी वाहत होतं.

जयवंतीने त्याला पुरेसा वेळ दिला.

"पुरे आता," मग ती म्हणाली. "उद्याला ठेव थोडा साबण."