माझ्या पंख्यावरची चिमटी

मित्रांनो, मी एका जुन्या व्हॅनच्या हीटरची मोटर. मला कोणी पाहिलेलं नसतं, पण थंडीत गाडीत बसल्यावर पायांना ऊब लागते ना, ती पोचवणारी मीच. ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोर, डॅशबोर्डच्या खणाखालच्या अंधारात माझा मुक्काम. अंगावर उभ्या पात्यांचा डब्यासारखा गोल पंखा. कारखान्यात एका बाईने तो फिरवून पाहिला. जरासा डुगडुगला, म्हणून तिने एका पात्यावर पत्र्याची इवलीशी चिमटी बसवली. मग मी इतकी शांत फिरले की मी चालू आहे का हे पाहायला तिला कान लावावा लागला.

आमच्या व्हॅनमधून आई धुतलेल्या चादरी हॉटेलांत पोचवते. आई म्हणजे घरातल्या छोट्या भिंगरीची आई. शेजारच्या सीटवर आजोबा, आईचे सासरे. गुडघे गेलेले, पण घरी बसवत नाही. "गठ्ठ्यांवर नजर ठेवायला येतो," असं म्हणायचे आणि दिवसभर माझ्या उबेसमोर गुडघे धरून गप्पा मारायचे. "गरम पाण्याच्या पिशवीपेक्षा ही बरी. गळत तरी नाही," असं माझं कौतुक करायचे. मी फुगून जायचे.

एका हिवाळ्यात माझ्यात वाळकं पान शिरलं आणि टिकटिक सुरू झाली. आजोबांची नात एका जागी ठरत नाही, म्हणून ते तिला भिंगरी म्हणतात. तिने नुकताच स्क्रू ड्रायव्हर हाती धरला होता.

"मेकॅनिक कशाला? मी आहे ना," ती म्हणाली.

तिने मला काढून मांडीवर घेतलं. पान काढलं, जुन्या टूथब्रशने पाती घासली, आणि चिमटीही उपटली.

"बघा आजोबा, काय काय अडकलंय."

आजोबांनीही मान डोलावली. चिमटी मात्र तिला आवडली. ती गेली तिच्या गणिताच्या वहीवर.

दुसऱ्या दिवसापासून माझा तोल गेला. घरघर, घरघर. सगळ्यांचे कान किटले.

"सूनबाई, पुढे खड्डा आहे."

"काय म्हणालात, बाबा?"

"खड्डा."

"ऐकू येत नाही हो."

धप्प. मागचे गठ्ठे उडून खाली आले.

"तोच म्हणत होतो," आजोबा म्हणाले.

शेवटी आईने मला बंदच केलं. गारठ्याने आजोबांचे गुडघे आखडले. आधी ते म्हणाले, आज नाही येत. मग काही बोलायचेच बंद झाले. माझ्यासमोर त्यांच्या गुडघ्यांऐवजी चादरींचा गठ्ठा आला. एकदा आई भिंगरीला सांगत होती, "संध्याकाळी आले तर बाबा सकाळच्याच खुर्चीत. चहासुद्धा तसाच, साय धरलेला." मित्रांनो, तेव्हा मी बंद होते, तरी मला चोरासारखं झालं. त्यांना घरी बसवलं ते माझ्याच आवाजाने.

मेकॅनिकने न उघडताच निकाल दिला. "मोटर गेली. या गाडीची आता मिळतही नाही. काढून टाका."

काढायला भिंगरीच बसली. तिने मला उलटंसुलटं केलं आणि थबकली. एका पात्यावर बारीक चकचकीत खूण होती, चिमटीएवढीच. तिचा चेहरा उतरला. ती घरात गेली आणि आजोबांना हाताला धरून घेऊन आली. मुठीत चिमटी.

"आजोबा, हा कचरा नव्हता. माझ्यामुळे तुम्ही घरी बसलात."

आजोबांनी चिमटी निरखली. "मान मीही डोलावली होती. अर्धा गुन्हा माझ्या नावावर टाक."

तिने खुणेवर चिमटी बसवली, मला जागेवर लावलं, गाडी चालू करून बटण फिरवलं.

"चालू कर की," आजोबा सीटवर टेकत म्हणाले.

"चालूच आहे."

त्यांनी हात पुढे धरले. बराच वेळ तसेच धरून बसले. मग म्हणाले, "उद्या किती वाजता निघायचं, ते आईला विचार."

मित्रांनो, एखादी छोटीशी गोष्ट उपटण्याआधी ती तिथे का आहे, एवढं विचारा. आणि कोणी घरघर करत असेल तर बटण बंद करण्याआधी एकदा उघडून बघा. दोष माझा नाही, असं भिंगरी म्हणते. पण तो साय धरलेला चहा माझ्या मनातून जात नाही.

काल आजोबा हळूच म्हणाले, "सूनबाई, पुढे खड्डा आहे."

आईने गाडी हळू केली.