गार खोलीचं गिऱ्हाईक

मित्रांनो, खिडकीत बसून उन्हाळाभर घरघरणारा जुना कूलर म्हणजे मी. पत्र्याचा, चौकोनी, अंगाने चांगला धिप्पाड. भिलाईतल्या पावर हाउस भागात एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. मिस्त्रीने माझ्या तीन बाजूंना वाळ्याच्या जाळ्या बसवल्या, पोटात पाण्याची टाकी केली आणि पंखा लावून मला चालवून पाहिले. "याची हवा समोरच्या भिंतीला लागते," असे तो म्हणाला होता. स्वतःची फुशारकी मारू नये म्हणतात, पण ते अगदी खरे होते.

मला विकत घेतले धम्मपालने. तो पोलाद कारखान्यात ठेकेदाराकडे वेल्डिंग करतो. त्याची बायको रुक्मा आणि मुलगी आम्रपाली यांच्यासह तो सुपेला बाजाराच्या मागे, दौलतरावांच्या दोन खोल्यांच्या घरात भाड्याने राहत होता. दौलतराव म्हणजे कारखान्यातून निवृत्त झालेले बाबू. महिन्याच्या महिन्याला भाडे न्यायला यायचे आणि जाताना म्हणायचे, "राहा बाप्पा, घर तुमचंच समजा." असे लोक म्हणतातच. रुक्माने मात्र ते मनावर घेतले. शिवणकामाच्या पैशांतून तिने न्हाणीची फरशी बसवली, दरवर्षी चुना दिला, दारात कढीपत्ता लावला. अकरा वर्षे हे चालले होते. माझेही तिने लाड केले. एप्रिल लागला की नव्या जाळ्या, रोज ताजे पाणी, आणि पावसाळा आला की पुसून जुन्या साडीने झाकून ठेवणे. एवढे कौतुक माझ्या भाऊबंदांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला येते.

घात झाला तो एका सहीने. धम्मपालसोबत काम करणारा भय्याजी एका रविवारी माझ्यासमोर येऊन बसला. "तुह्या सहीवर मले कर्ज भेटते, भाऊ. जामीन तू होय. आज मी, उद्या तू," तो म्हणाला. कारखान्यातल्या माणसांची ही रीतच आहे. एकाने मागितले की दुसऱ्याने सही द्यायची, नाही म्हटले तर उद्या शेजारी उभे राहून काम कसे करायचे? धम्मपालने सही केली. वर्षभरात भय्याजीचे काम सुटले आणि तो गाव सोडून गेला. त्याचे हप्ते थकले आणि बँकांच्या लेखी धम्मपालचे नावही खराब झाले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये दौलतराव आले, पण भाडे मागितले नाही.

"पोरगा पुण्यात फ्लॅट घेऊन राहिला. त्याच्या पैशासाठी हे घर विकाच लागते आता," ते म्हणाले. "पहिला हक्क तुमचा. तुम्ही घेत असाल तर दुसऱ्याले दाखवत नाही."

रुक्माचा चेहरा असा फुलला की मला वाटले, झाले, घर आमचे झाले. दुसऱ्याच दिवशी धम्मपाल बँकेत गेला. परत आला तो दारातच बसला.

"नाही म्हणते बँक."

"कावून?"

"भय्याजीच्या कर्जापायी. सही माही आहे ना."

रुक्माने बादली उचलली आणि माझ्यात पाणी भरत राहिली.

मग मे महिन्यात गिऱ्हाइके घर बघायला येऊ लागली. घर विकले गेले नाही तर आपण इथेच राहू, एवढी एकच आशा उरली होती. पण त्या घरची तऱ्हा ऐका. उन्हातून आलेला माणूस दिसला की रुक्मा त्याला आत बसवायची, माठातले पाणी द्यायची, पन्हे करायची आणि मला पुऱ्या जोरात सुरू करायची.

आम्रपाली चिडायची. "आई, तू पण ना! बिठाती क्यों है उनको? उभ्या उभ्या पाहून जाऊ दे. गरम झालं तर नाही घेणार."

"घर विकणं दौलतराव काकाजीच्या हाती आहे," रुक्मा म्हणायची. "दारात आलेल्या माणसाले घामाघूम परत पाठवाचं का? आपल्यात असं नाही करत, बाई."

आणि मी? मी मूर्ख, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून वारा घालायचो. पाहुण्याने "वा!" म्हटले की मला धन्य वाटायचे.

पहिली दोन गिऱ्हाइके किमतीवरून परत गेली. तिसरे होते अमरदीप आणि त्याची बायको निशा. सकाळपासून चार घरे बघून दोघे भाजून निघाले होते. निशा माझ्यासमोर बसली, तिने तोंडावरची ओढणी सोडली, डोळे मिटले आणि म्हणाली, "कमरा कितना ठंडा है! यही ले लेते हैं."

तिच्या पेल्यात दुसऱ्यांदा पन्हे ओतणारा रुक्माचा हात थांबला. आम्रपालीने आईकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. मित्रांनो, त्या क्षणी मला कायमचे बंद पडावेसे वाटले. पण माझे बटण दुसऱ्याच्या हातात असते. मी वारा घालतच राहिलो.

पुढचे लवकर झाले. सुपेल्यात दोन मालकांनी धम्मपालचे कागद पाहिले, थकलेले कर्ज पाहिले आणि खोली द्यायला नकार दिला. शेवटी चरोद्याला पत्र्याच्या छपराखाली एक खोली मिळाली. तिथल्या शीलाबाईंनी कागद मागितले नाहीत, अट एकच घातली. "कूलर चालणार नाही. बिल फार येते." अमरदीप म्हणालाच होता, कूलर इथेच सोडून जा, पैसे देतो. धम्मपालने होकाराची मान हलवली.

निघायच्या दिवशी टेम्पो दारात उभा होता आणि रुक्मा माझी टाकी घासत होती.

"चल ना," धम्मपाल म्हणाला. "आता कोणासाठी घासून राहिली?"

"नवीन माणसं आहेत. वास नको याले त्यांले." तिने स्वच्छ पाणी भरले, पदराने माझा पत्रा पुसला आणि ती गेली. रडली नाही. रडली असती तर मला बरे वाटले असते.

आमच्यासारख्या जुन्या वस्तू गोष्टीच्या शेवटी आपली काळजी घ्या म्हणून हात जोडतात. मला तसे काही मागायचे नाही. अमरदीपने मला निळा रंग दिला, नवा पंप बसवला. माझे सगळे ठीक आहे. काळजी करायचीच असेल तर माणसांची करा, कारण त्यांना खोलीबाहेर काढताना कोणी झाकूनही ठेवत नाही. आज बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन आहे. चरोद्याच्या त्या पत्र्याखाली काय चालले असेल ते मला दिसत नाही. इथे निशाबाई माझ्यासमोर चादर पांघरून झोपल्या आहेत.