गुप्ते सरांपायी झालेली माझी फरफट

मी एक जुनी स्कूटर बोलतेय. बोलतेय कसली, कुरकुरतेय! माझे मालक गावोगावच्या माणसांचं ऐकत फिरले, माझं मात्र कधी ऐकलं नाही.

पुण्याजवळच्या कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, एखाद्या बँकेतल्या साहेबांकडे जाईन. घर ते ऑफिस, रविवारी सुट्टी. पण नशिबी आले भोरच्या कॉलेजात इतिहास शिकवणारे प्राध्यापक शरच्चंद्र गुप्ते.

इतिहास म्हणजे किल्ले, लढाया, अशी माझी समजूत. निदान किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत डांबरी रस्ता असतो! सरांना मात्र हवं असायचं बाळंतिणीला काय खाऊ घालायचे, लग्नात कोण कुठल्या पंगतीला, जत्रेत मान कुणाचा. त्यापायी वेल्ह्याकडच्या वाड्यावस्त्यांवर मी दगडधोंड्यांतून आदळत गेले. "सुलू, लगेच येतो गं," असं बायकोला सांगून निघायचे, ते दिवेलागणीला परतायचे. तोवर मी उन्हात, अन् सीटवर कोंबड्या.

कॉलेजातले लोक हसायचे. "गुप्ते, भाकरीचा कसला इतिहास लिहिताय?" सर नुसते मान हलवायचे. संताप माझाच व्हायचा.

निवृत्तीनंतर पुस्तक लिहून झालं. छापण्याआधी ज्या गावांची माहिती होती त्यांना वाचायला देण्याची दुर्बुद्धी सरांना सुचली. लगेच एका गावच्या जत्रा कमिटीचे अध्यक्ष, इंद्रजित, घरी हजर.

"सर, पुस्तक झ्याक हाय. पण पालखीचा पहिला खांदा आदी ओढ्यापल्याडच्या कांबळ्यांचा व्हता, त्यो काढून घेतला, हे पान तेवढं काढा. गावात तंटा व्हईल."

"इंद्रजितराव, हे तुमच्या आजीनंच सांगितलंय. चला, त्यांनाच विचारू. त्या नाही म्हणाल्या तर पान काढतो."

झालं! पुन्हा घाट. आयुष्यभराचं काम एका म्हातारीच्या जिभेवर ठेवून हे निघाले.

ठकुबाई ओट्यावर बसल्या होत्या. नातवाचं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "व्हय, म्याच सांगितलं. तुज्या पणज्यानं काढून घेतला खांदा. लई वंगाळ केलं. तुमी कुणी कदी इचारलं न्हाई, ह्यांनी इचारलं."

इंद्रजित उठून गेले. पान राहिलं. कुणीतरी माझ्या दोन्ही चाकांतली हवा सोडली. सर मला घाटभर ढकलत उतरले, अन् वर हसत होते! पुढच्या जत्रेचं बोलावणं आलं नाही, ते मात्र त्यांना लागलं.

आता सरांचे गुडघे गेले, माझी क्लचवायर गेली. भोरच्या घरामागे पत्र्याखाली उभी आहे. वाटलं, सुटले.

काल इंद्रजित आले. डोक्याचे केस काढलेले. "सर, आजी गेली. दहाव्याला या." दारापर्यंत जाऊन वळले. "अन् यंदा पालखीच्या पहिल्या खांद्याला ओढ्यापल्याड सांगावा धाडलाय. कमिटीत लई भांडान झालं. तरी धाडला."

थोड्या वेळानं सर माझ्याजवळ आले, मला आडवं करून किका मारू लागले.

अहो, एसटीनं जा की! नाहीच ऐकणार, तर आधी वायर तरी बदला. तिथून तुम्ही ओढ्यापल्याड जाणारच, अन् तिकडे रस्ता नाही.